क्रमांक, अंक आणि संख्या

बंगळूर शहराच्या आग्नेय भागात बेळ्ळंदूर नावाचे ठिकाण आहे. तेथील विस्तीर्ण तलावासाठी ते पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. एके काळचे हे खेडे आता संगणकाच्या कचेऱ्यांनी आणि उंच इमारतींनी वेढले गेले असून, नोकरीनिमित्त महाराष्ट्र सोडून गेलेली मराठी कुटुंबेही तेथे राहतात. अशा एखाद्या कुटुंबास नाशिकहून पत्र धाडावयाचे झाल्यास पत्त्याच्या शेवटी ५६० १०३ असे सहा अंक लिहावे लागतात. प्रस्तुत लेखात आपणांस याच सहा अंकांचा परिचय करून घ्यावयाचा आहे.

हे अंक टपाल खात्याच्या पिन कोडाचे होत, हे सांगणे नलगे. ही योजना १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्र सरकारच्या दळणवळण खात्यात उच्च पदावर होते आणि संस्कृत कवी म्हणूनही त्यांची ख्याती होती. निरनिराळ्या भाषांत व लिप्यांत लिहिलेले पत्ते आणि एकाच नावाची अनेक गावे यांमुळे टपालाची वाटणी करणाऱ्यांची जी तारांबळ उडे, तिच्यावर त्यांनी हा उपाय योजला. पहिला अंक देशाचा टपाल विभाग दाखवितो. ५ या विभागात आंध्र प्रदेश, तेलंगण व कर्नाटक ही राज्ये येतात. ५६ पासून ५९ पर्यंतच्या जोड्या कर्नाटकाच्या, ५६० हे त्रिक बंगळूरचे आणि शेवटचे तीन अंक वाटप करणाऱ्या टपाल कचेरीचे. येथे ५६०१०३ हा केवळ एक क्रमांक आहे. तो मोजमाप सांगत नाही. बेळ्ळंदूरच्या क्रमांकात नाशिकचा क्रमांक मिळविला, तर येणाऱ्या बेरजेस कोणताही अर्थ नाही.

इंग्रजीतून शास्त्रीय मजकूर मराठीत आणताना अनुवादकास एक गोष्ट वारंवार जाणवते. त्या भाषेतील एकाच शब्दासाठी आपणांस प्रसंगानुसार कधी क्रमांक, कधी आकडा, तर कधी संख्या असे लिहावे लागते. आणि अंक हा शब्द तर आपल्याकडे निराळाच आहे. आरंभी हे एक संकट वाटते. परंतु विचार करू लागल्यावर असे दिसून येते की, या निरनिराळ्या शब्दांमागे खरोखरच निरनिराळ्या वस्तू आहेत आणि मराठीने त्यांतील भेद आपल्यासाठी आधीच करून ठेविला आहे. क्रमांकाची ओळख वर झाली. आता तीन अंकांनंतरची मोकळी जागा काढून टाकून हेच अंक ५,६०,१०३ असे लिहू. लगेच आपण पाच लक्ष साठ हजार एकशे तीन असे म्हणू लागतो आणि आपल्यापुढे एक संख्या उभी राहते.

एखाद्या संख्येची ओळख पटवावयाची, तर प्रथम तिचे अवयव पाहावे. ५६०१०३ विषम आहे आणि तिच्या शेवटी ० किंवा ५ नाही; तेव्हा २ व ५ यांनी तीस भाग जात नाही. ३ ची कसोटी शाळेत शिकविलेली असते: अंकांची बेरीज करावी. ५, ६, ०, १, ०, ३ यांची बेरीज १५; तीस ३ ने भाग जातो, म्हणून मूळच्या संख्येसही जातो. ही कसोटी पाठ असते, पण तिचे कारण पुष्कळांस ठाऊक नसते. १० म्हणजे ९ आणि १, १०० म्हणजे ९९ आणि १, १००० म्हणजे ९९९ आणि १. त्यामुळे आपली संख्या म्हणजे ५ वेळा ९९९९९, ६ वेळा ९९९९ व एकदा ९९, आणि या सर्वांखेरीज सुटे उरलेले ५, ६, १ व ३. पहिल्या भागास ९ ने आणि म्हणून ३ नेही निःशेष भाग जातो. संशय राहतो तो केवळ सुट्या उरलेल्या अंकांचा. आणि तेच आपण बेरजेने तपासतो.

५६०१०३ ला ३ ने भागले असता १८६७०१ हा भागाकार येतो. आता खरे काम सुरू होते. १८६७०१ ही मूळ संख्या आहे काय? म्हणजेच, तीस १ व ती स्वतः यांखेरीज दुसरा भाजक नाही काय? एखादी संख्या दोन अवयवांचा गुणाकार असेल, तर त्यांपैकी लहान अवयव त्या संख्येच्या वर्गमूळाहून मोठा असू शकत नाही. ४३२ चा वर्ग १८६६२४ आणि ४३३ चा १८७४८९. तेव्हा ४३२ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिले म्हणजे पुरे. अशा मूळ संख्या ८३ आहेत. २, ३ व ५ या नजरेनेच बाद होतात. उरतात ८०.

प्रस्तुत लेखकाचे शिक्षण मराठी साहित्याचे. तरीही हे ऐंशी भागाकार यंत्राचे साहाय्य न घेता कागदावर करावे, असे मनात आले आणि त्यात दोन संध्याकाळी गेल्या. संगणकास यासाठी निमिषही लागत नाही, हे खरे. परंतु हाताने केलेल्या कामात वाटेवर काही गोष्टी भेटतात, त्या यंत्राच्या उत्तरात भेटत नाहीत. ७ ने भागल्यावर बाकी ४ उरली. पुढे १४९ ने भागल्यावर पुन्हा ४, आणि १७९ ने भागल्यावर तिसऱ्यांदा ४. हा योगायोग कसला, असे वाटून थांबलो. मग उलगडा झाला. तिन्ही वेळा ४ उरतात, याचा अर्थ १८६७०१ मधून ४ वजा केल्यास उरणाऱ्या १८६६९७ ला तिघांनीही भाग गेला पाहिजे. पडताळून पाहिले, ७, १४९ व १७९ यांचा गुणाकार नेमका १८६६९७ आहे. पुढे २७७ आणि ३३७ या दोहोंनी ३ बाकी ठेविली, तीही याच न्यायाने: या दोहोंच्या गुणाकाराची दुप्पट १८६६९८. आणि यांच्याच शेजारी असलेल्या १८६७०१ ला मात्र ऐंशींपैकी एकीनेही भाग गेला नाही. ४३१ ने भागल्यावर ७८ उरले आणि काम संपले. १८६७०१ ही मूळ संख्या आहे.

तेव्हा ५६०१०३ म्हणजे ३ व १८६७०१ या दोन मूळ संख्यांचा गुणाकार. यापलीकडे तिचे विभाजन होत नाही आणि अन्य मूळ संख्यांच्या गुणाकाराने ती मिळत नाही. तिचे भाजक चारच: १, ३, १८६७०१ आणि ती स्वतः.

आता दुसऱ्या दिशेने पाहू. येथे आपला वाटाड्या नाशिकजवळच्या देवळालीचा एक शाळामास्तर आहे.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते शिकले आणि १९२७ मध्ये रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक त्यांस मिळाले. पदवीपलीकडचे शिक्षण त्यांनी घेतले नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीस शिक्षक होते आणि उरलेला सारा वेळ संख्यांच्या सहवासात घालवीत. डोंबिवली स्थानकावर सुचलेल्या संख्यांना त्यांनी त्या स्थानकाच्या जुन्या नावावरून डेम्लो हे नाव दिले, यावरून त्या सहवासाची कल्पना यावी.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध शोध १९४६ सालचा आहे. सर्व अंक सारखे नाहीत अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडावे, मग चढत्या क्रमाने मांडावे आणि मोठीतून लहान वजा करावी. आलेल्या वजाबाकीवर पुन्हा हीच क्रिया करावी. कापरेकरांच्याच जन्मवर्षाचा आकडा घेऊ. ९५१० वजा ०१५९ बरोबर ९३५१. पुढे क्रमाने ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि शेवटी ६१७४. येथून पुढे जाता येत नाही, कारण ७६४१ वजा १४६७ म्हणजे पुन्हा ६१७४ च. आरंभ कोठूनही करा, सात पायऱ्यांच्या आत अथवा सातव्या पायरीवर हीच संख्या येते. १९०५ ला पुऱ्या सात पायऱ्या लागल्या, ही एक गंमत म्हणावयाची.

हीच क्रिया बेळ्ळंदूरच्या सहा अंकांवर करून पाहू. ६५३१०० वजा ००१३५६ म्हणजे ६५१७४४. पुढे ६२०८७४, नंतर ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, ४२०८७६. आणि पुढच्या पायरीस पुन्हा ८५१७४२! येथे विसाव्याचे स्थान सापडत नाही; सात संख्यांच्या रिंगणात ५६०१०३ सापडते आणि त्यातून तिची सुटका नाही. सहा अंकी संख्यांत ५४९९४५ आणि ६३१७६४ या दोन अचल संख्याही आहेत, परंतु आपली संख्या त्यांच्या वाटेस जात नाही.

कापरेकरांच्या इतर कसोट्याही लावून पाहता येतील. ज्या संख्येस तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, तीस त्यांनी हर्षद, म्हणजे आनंद देणारी, असे संस्कृत नाव ठेविले. ५६०१०३ च्या अंकांची बेरीज १५, आणि १५ ने भाग जाण्यास शेवटी ० किंवा ५ हवा. सबब ती हर्षद नाही. नाशिकच्या मुख्य टपाल कचेरीचा ४२२००१ हा क्रमांक मात्र हर्षद आहे, कारण ९ ने त्यास भाग जातो. सोलापूरचा ४१३००१ आणि नागपूरचा ४४०००१ हेही तसेच. दुसरी कसोटी स्वयंभू संख्यांची. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळविली असता नवी संख्या जन्मते. ज्या संख्येस असा जनक नाही, ती स्वयंभू. ५६०१०३ ला जनक आहे: ५६००८२ आणि तिच्या अंकांची बेरीज २१ मिळून ती होते. तिसरी कसोटी कापरेकरांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या संख्यांची. ७०३ चा वर्ग ४९४२०९. त्याचे ४९४ व २०९ असे दोन तुकडे करून मिळविल्यास पुन्हा ७०३. आपल्या संख्येचा वर्ग न करताही ती या जातीची नाही असे सांगता येते. वर्गाचे तुकडे मिळविल्याने त्याची ९ ने भागल्यावर उरणारी बाकी बदलत नाही. म्हणून संख्या व तिचा वर्ग यांची ही बाकी एकच असली पाहिजे. ५६०१०३ ला ९ ने भागले असता ६ उरतात, आणि तिच्या वर्गास भागले असता काहीच उरत नाही.

वाचकाच्या मनात येथे एक शंका यावी, अशी आमची अपेक्षा आहे. या साऱ्या गोष्टी संख्येच्या आहेत की तिच्या लिखाणाच्या? आपण दहा-दहाचे गट करून मोजतो, कारण आपल्या हातांस दहा बोटे आहेत. समजा, एखाद्या लोकसमूहाने आठ-आठचे गट करण्याची पद्धत धरिली. त्यांच्यापाशी ० ते ७ हेच अंक असतील. ते हीच संख्या २१०५७४७ अशी लिहितील. संख्या तीच, तितक्याच गोट्या, तितकेच मणी. परंतु अंक आता सहा नसून सात झाले आणि मघाचे सात संख्यांचे रिंगण कोठल्या कोठे नाहीसे झाले. एवढेच नव्हे, तर ३ ची कसोटीही निकामी झाली! या सात अंकांची बेरीज २६. तीस ३ ने भाग जात नाही, पण संख्येस तर जातो. कारण उघड आहे. १० म्हणजे ९ आणि १, यावर आपली कसोटी उभी होती. ८ म्हणजे ७ आणि १, म्हणून त्या लोकांची अंकांची बेरीज ७ विषयी सांगेल. २६ ला ७ ने भागल्यास ५ उरतात, आणि ५६०१०३ ला भागल्यासही ५ च उरतात. यातले न बदलणारे काय? तर ३ आणि १८६७०१. कोणत्याही लिपीत, कितीच्याही गटांनी लिहा, ही संख्या याच दोन मूळ संख्यांचा गुणाकार राहते.

रामानुजनांचे गुण ओळखणारे केंब्रिजचे प्राध्यापक हार्डी यांनी १९४० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात याच भेदावर बोट ठेविले. ८७१२ ही २१७८ च्या चौपट आणि ९८०१ ही १०८९ च्या नऊपट. आपल्याच उलट्या अंकांच्या पटीत असणाऱ्या चार अंकी संख्या या दोनच. हार्डींच्या मते अशा गोष्टी कोडी म्हणून ठीक आहेत, पण गणितज्ञास त्यांत रस वाटावा असे काही नाही. याच मताचा फटका कापरेकरांस आयुष्यभर बसला. त्यांचे पुष्कळसे लेखन त्यांस स्वखर्चाने छापावे लागले.

या मतात तथ्य नाही, असे म्हणता येणार नाही. ६१७४ चे माहात्म्य दहाच्या गटांशी बांधलेले आहे. तथापि आमच्या मते येथे एका गोष्टीचा विसर पडतो. लिहिण्याची पद्धत हीदेखील एक गणिती रचना आहे आणि तिचेही नियम शोधण्याजोगे असतात. आठाच्या पद्धतीत ३ ची कसोटी का फसली, हे ज्या मुलास कळले, त्यास दशमान पद्धती प्रथमच खऱ्या अर्थाने कळली; आणि त्या दारापर्यंत कापरेकरांचा खेळ त्यास जितक्या लवकर पोहोचवितो, तितक्या लवकर पाठ्यपुस्तकातील व्याख्या पोहोचवीत नाही.

कापरेकरांची कीर्ती जगभर झाली ती १९७५ च्या मार्चमध्ये. मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने एका विख्यात विज्ञान मासिकातील आपल्या सदरात त्यांच्या संख्यांची ओळख करून दिली. याच सदरात १९७७ च्या ऑगस्टमध्ये गार्डनरने एक १२९ अंकी संख्या छापली आणि तिचे दोन मूळ अवयव शोधून काढावे, असे वाचकांस आव्हान दिले. ती संख्या रिव्हेस्ट, शमीर व ॲडलमन या तीन शास्त्रज्ञांनी तयार केली होती. त्यांची कल्पना अशी: दोन मोठ्या मूळ संख्या घेऊन त्यांचा गुणाकार करणे सोपे, परंतु केवळ गुणाकार हाती असता ते दोन अवयव शोधणे महाकठीण. मग हा गुणाकार कुलूप म्हणून सर्वांस जाहीर करावा. त्याने कोणीही निरोप बंद करू शकेल, पण उघडण्याची किल्ली म्हणजे ते दोन अवयव, आणि ते ज्याच्यापाशी असतील त्यासच तो उघडता येईल. बेळ्ळंदूरच्या कचेऱ्यांतून रोज ये-जा करणारे गुप्त संदेश ज्या कुलुपांनी बंद होतात, त्यांत या जातीची कुलुपे आजही आहेत.

५६०१०३ देखील दोन मूळ संख्यांचाच गुणाकार. म्हणजे तत्त्वतः हे एक कुलूपच, पण पोराटोरांनी उघडावे इतके कच्चे. ऐंशी भागाकारांनी आपण ते पुरते उघडले. संख्या सहाशे अंकी असेल, तर भागून पाहावयाच्या मूळ संख्या सुमारे तीनशे अंकी संख्येपर्यंत पसरतील आणि तेवढे भागाकार विश्वाच्या आयुष्यात कोणत्याही यंत्राकडून होणार नाहीत. याहून पुष्कळ चतुर रीती आज ठाऊक आहेत. तरीही गार्डनरची १२९ अंकी संख्या फुटावयास १९९४ साल उजाडले. सुमारे सहाशे स्वयंसेवकांचे संगणक त्या कामी लागले होते. २५० अंकांची अशीच एक संख्या २०२० च्या फेब्रुवारीत फोडण्यात आली.

येथे एक आश्चर्य नमूद केले पाहिजे. संख्या मूळ आहे की नाही हे ठरविणे आणि तिचे अवयव शोधणे, ही एकच कामे वाटतात. पण तशी ती नाहीत. १५ हे लहानसे उदाहरण घ्या. संख्या मूळ व विषम असेल, तर तिच्याहून एकने कमी इतक्या वेळा २ चा गुणाकार करून तीस त्या संख्येने भागले असता १ उरलाच पाहिजे, असा फर्माचा सिद्धांत आहे. ७ साठी पाहा: २ चा सहावा घात ६४, आणि ७ ने भागल्यावर १ उरतो. १५ साठी चौदावा घात १६३८४. १५ ने भागल्यावर ४ उरतात. म्हणजे १५ मूळ नाही, हे ३ किंवा ५ यांचे नावही न घेता सिद्ध झाले. ही कसोटी उलट बाजूने मात्र फसवू शकते. ३४१ ही ११ व ३१ यांचा गुणाकार असूनही ती पार करते. कधीही न फसणारी आणि तरीही माफक वेळात संपणारी कसोटी असू शकते काय, हा प्रश्न दीर्घकाळ अनिर्णित होता. तो २००२ च्या ऑगस्टमध्ये कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी होकारार्थी सोडविला. अवयव शोधण्याची तशी रीत मात्र आजच्या संगणकांसाठी कोणासही सापडलेली नाही.

त्या तीन शास्त्रज्ञांच्या नावाने मांडलेल्या आव्हानांच्या यादीत ६१७ अंकांची एक संख्या आहे. ती छापून प्रसिद्ध झालेली आहे. कोणीही ती उतरवून घ्यावी. तिच्या अंकांची बेरीज शाळकरी मुलास अर्ध्या घटकेत करता येईल. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून कापरेकरांची वजाबाकीही एका दुपारी पाटीवर होईल. ती मूळ नाही, दोन मूळ संख्यांचा गुणाकार आहे, हेही ठाऊक आहे. ते दोन अवयव मात्र अजून कोणीही प्रकट केलेले नाहीत.